भिंतीलगतचं मैदान

क्रॉसमॅग्लेनचा चौक गावाच्या मानाने फारच मोठा आहे. वस्ती जेमतेम दीड-दोन हजारांची, पण चौक एखाद्या तालुक्याच्या गावाला शोभेल असा ऐसपैस, बाजारासाठी मोकळा सोडलेला. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा काउंटीच्या अगदी दक्षिण टोकाला हे गाव आहे, आणि आयर्लंड प्रजासत्ताकाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. याच गावात सेंट ऑलिव्हर प्लंकेट पार्क आहे, क्रॉसमॅग्लेन रेंजर्स या गेलिक फुटबॉल क्लबचं मैदान. त्याच्या एका अंगाला तीस-पस्तीस वर्षं ब्रिटिश लष्कराच्या तळाची भिंत उभी होती. मैदानाचं नाव जगात पोचलं ते या भिंतीमुळे. गावाचं नाव आयर्लंडभर झालं ते मात्र काळी-पिवळी जर्सी घालून त्या मैदानावर वाढलेल्या पोरांमुळे. अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद या एवढ्याशा गावाने सहा वेळा जिंकलं: १९९७, १९९९, २०००, २००७, २०११ आणि २०१२.

पुढची पानं या क्लबची आहेत. ती वाचण्याआधी हा खेळ काय आहे, क्लब म्हणजे तिथल्या माणसाला नेमकं काय वाटतं आणि एका मैदानासाठी एवढी वर्षं झगडावंसं का वाटलं, हे समजून घ्यायला हवं.

आधी खेळ. गेलिक फुटबॉल पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो सॉकर आणि रग्बी यांची सरमिसळ वाटतो. थोडा वेळ पाहिलं की त्याची स्वतःची चाल कळू लागते. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. मैदान सॉकरच्या मैदानापेक्षा मोठं, किमान १३० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. गोल झाला की पंच हिरवा झेंडा दाखवतो, एका गुणाला पांढरा. चेंडू हातात धरता येतो, पण धरून चारच पावलं टाकता येतात. मग तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर स्वतःच्याच पायावर टाकून पुन्हा हातात घ्यायचा. या दुसऱ्या कसबाला सोलो म्हणतात. भरधाव पळणारा खेळाडू खाली न पाहता चेंडू बोटांतून पायाच्या चवड्यावर सोडतो, चवडा किंचित वर उचलतो आणि चेंडू पुन्हा छातीशी येतो. पाच-सहा वर्षांची मुलं अंगणात हेच घोकत असतात. जमिनीवरचा चेंडू पुरुषांच्या खेळात थेट हाताने उचलता येत नाही. बुटाचं टोक खाली सरकवून तो वर काढावा लागतो. अंगावर तिघे धावून येत असताना, चिखलात हे करणं किती अवघड असेल याची कल्पना करून पाहावी.

आणि या खेळाचे पैसे मिळत नाहीत. ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम सामना खेळणारा खेळाडू सोमवारी शाळेत शिकवायला, बांधकामावर किंवा गोठ्यात कामाला हजर असतो.

हा सगळा डोलारा ज्या संस्थेने उभा केला ती गेलिक अॅथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्यूसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे तिचे दोन मुख्य कर्ते. आयर्लंडवर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं, आणि इंग्रजी खेळांच्या क्लबांत गावातल्या सामान्य आयरिश माणसाला फारशी जागा नव्हती. आपले जुने खेळ नियमांत बांधायचे, ते गावोगाव पोचवायचे आणि रविवारी, म्हणजे कष्टकऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी खेळायचे, असं ठरलं. ही सारी लाट स्वराज्याच्या चळवळीबरोबर वाढली. मराठी वाचकाला त्या चळवळीचा एक शब्द चांगला ओळखीचा आहे. टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात स्थापन केलेल्या होमरूल लीगचं नाव थेट आयर्लंडच्या होमरूलवरून आलं होतं. अलीकडे त्या देशाचं नाव आपल्याकडे निघालं ते मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ असलेले लिओ वराडकर तिथे पंतप्रधान झाले तेव्हा. तरी तिथल्या गावात रविवारी दुपारी काय चालतं याची आपल्याला फारशी खबर नाही. ती असायला हवी. परकी सत्ता अंगावर असताना एका समाजाने स्वतःला कसं बांधून ठेवलं, याचा तो जिवंत दाखला आहे.

खेळ आणि राजकारण तिथे सुरुवातीपासूनच एकमेकांत गुंतले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला आणि १४ माणसं मेली. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. क्रोक पार्कच्या मुख्य स्टँडला आज त्याचंच नाव आहे, आणि विजेता कर्णधार चषक घ्यायला त्याच स्टँडच्या पायऱ्या चढतो. पुढे १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. देशाच्या नकाशावर रेघ पडली, पण या संघटनेने ती कधी मानली नाही. तिच्या लेखी आजही काउंट्या ३२ आहेत, आणि अल्स्टर प्रांतात रेघेच्या अलीकडच्या सहा व पलीकडच्या तीन अशा नऊ काउंट्या एकाच स्पर्धेत उतरतात. हद्दीवरच्या क्रॉसमॅग्लेनसारख्या गावाला याचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको. सरकारी कागदावर ते एका देशात होतं, खेळाच्या मैदानावर दुसऱ्या.

क्लबचा पाया पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीचा परिसर, चार-दोन वाड्या आणि मधलं गाव. ज्या पॅरिशमध्ये माणूस जन्मला किंवा राहिला, त्याच क्लबसाठी खेळायचं. गाव सोडून दुसरीकडे कायमचं राहायला गेला तर गोष्ट वेगळी. एरवी चांगला खेळाडू पैसे मोजून आणता येत नाही आणि वाईट खेळाडू काढून टाकता येत नाही. गावात जी पोरं जन्मतील तीच पंधरा. त्यामुळे क्लबला पुढची पिढी स्वतःच्या हाताने घडवावी लागते, आणि हे काम कुणाचीतरी आई, कुणाचातरी काका, शाळेतले मास्तर असे लोक फुकट करतात. कुणी जर्सी धुतो, कुणी हिरवळ कापतो, कुणी क्लबच्या लॉटरीची तिकिटं घरोघर विकतो. आयर्लंडमध्ये असे दोन हजारांवर क्लब आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला कधीच मोठा चषक आला नाही, तरीही दर वर्षी ते उभे राहतात.

क्रॉसमॅग्लेन रेंजर्स १८८७ मध्ये सुरू झाला, म्हणजे मूळ संघटनेनंतर अवघ्या तीन वर्षांत. हा भाग तसा जुना आणि बोलका. अठराव्या शतकातला गेलिक कवी आर्ट मॅक कूई जवळच्या क्रेगनच्या दफनभूमीत विसावला आहे. मैदानाला ज्यांचं नाव दिलं ते ऑलिव्हर प्लंकेट हे आर्माचे आर्चबिशप. त्यांना १६८१ मध्ये लंडनला फासावर चढवलं आणि १९७५ मध्ये कॅथलिक चर्चने संत म्हणून जाहीर केलं. या मातीत नाव ठेवणं ही साधी बाब नसते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचार पेटला आणि दक्षिण आर्मा त्याच्या ऐन मध्यावर आलं. ब्रिटिश सत्तेविरुद्ध शस्त्र उचललेल्या आयरिश रिपब्लिकन आर्मीचा इथे जोर होता. रस्त्यांखाली इतके सुरुंग पेरले जात की लष्कराने रस्ते सोडले आणि माणसं, धान्य, दारूगोळा, सगळं हेलिकॉप्टरने आणायला सुरुवात केली. उत्तर आयर्लंडचे तत्कालीन मंत्री मर्लिन रीस यांनी या भागाला ‘दरोडेखोरांचा मुलूख’ म्हटलं, आणि ते नाव गावाला वर्षानुवर्षं चिकटलं. दक्षिण आर्मात त्या काळात शंभरावर सैनिक मारले गेले. क्रॉसमॅग्लेनच्या चौकात १९७६ मध्ये सायकलीत ठेवलेल्या बॉम्बने जेम्स बोरुकी हा १९ वर्षांचा सैनिक गेला. चौकात नंतर उभारलेल्या टेहळणी बुरुजाला त्याचंच नाव पडलं. गावाची बाजू सांगताना ही दुसरी बाजू गाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्या वर्षांत दोन्हीकडच्या आयांनी मुलं गमावली.

हेलिकॉप्टर उतरवायला जागा हवी, म्हणून लष्कराने पोलीस ठाण्यालगतची क्लबची जमीन ताब्यात घेतली. मैदान उरलं, पण त्याचा एक तुकडा गेला. उरलेल्यावर खेळताना डोक्यावरून हेलिकॉप्टर उतरत. पंख्यांच्या वाऱ्याने धूळ उडे, आवाजात पंचाची शिटी बुडून जाई आणि सामना थांबे. चेंडू भिंतीपलीकडे गेला तर तो परत येईलच याची खात्री नसे. येता-जाता झडती होई. बारा वर्षांचा मुलगा खांद्याला पिशवी अडकवून सरावाला निघाला आहे, पिशवीत बूट आणि ओला टॉवेल, आणि बंदूकधारी सैनिक ती पिशवी उघडायला सांगतो. हा तिथल्या दोन पिढ्यांचा रोजचा अनुभव. क्लब दुसरीकडे हलवता आला असता. माळरान काही कमी नव्हतं. पण गावाने ठरवलं की हलायचं नाही. जागा परत मागत राहायचं आणि तोवर उरलेल्या जागेवर खेळत राहायचं. तीन दशकं त्यांनी तेच केलं.

शेजघरात घुसलेल्या परक्याला रोज पाहत जगण्याचा परिणाम मनावर होतोच. संघटनेच्या नियमांत एक कलम होतं: ब्रिटिश सैन्यातल्या आणि उत्तरेच्या पोलीस दलातल्या माणसांना सदस्यत्व नाही. हे एकविसावं कलम नोव्हेंबर २००१ मध्ये रद्द झालं. तेव्हा उत्तरेतल्या सहा काउंट्यांपैकी फक्त डाउनने बदलाला साथ दिली, आर्माने नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा हेकटपणा वाटेल. पण ज्यांच्या मैदानावर कालपरवापर्यंत हेलिकॉप्टर उतरत होतं, त्यांच्याकडून एका बैठकीत सगळं विसरण्याची अपेक्षा करणंही रास्त नाही. कलम गेलं हे योग्यच झालं. ज्यांनी विरोध केला त्यांचं दुःखही खरं होतं.

आता चषकांकडे. क्लबची अखिल आयर्लंड स्पर्धा १९७०-७१ च्या हंगामात सुरू झाली. आधी काउंटी जिंकायची, मग प्रांत, मग उपांत्य आणि अंतिम. अंतिम सामना बरीच वर्षं सेंट पॅट्रिक दिनी, १७ मार्चला क्रोक पार्कवर होई. विजेत्याला अँडी मेरिगन चषक मिळतो. वेक्सफर्डच्या कॅसलटाउन क्लबचा हा खेळाडू १९७३ मध्ये शेतावरच्या अपघातात गेला, आणि त्याच्या क्लबने दुसऱ्या वर्षी त्याच्या नावाने चषक दिला. गावाच्या स्पर्धेच्या चषकाला एका शेतकऱ्याचं नाव आहे, हे किती शोभून दिसतं.

क्रॉसमॅग्लेनची चढती कमान सुरू झाली १९९६ मध्ये. जो कर्नन हे प्रशिक्षक. स्वतः गावचे, धिप्पाड, काउंट्यांच्या १९७७ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात आर्माकडून दोन गोल केलेले. त्या वर्षी गावाने आर्मा काउंटी जिंकली, आणि मग २००८ पर्यंत सलग तेरा वर्षं ती सोडलीच नाही. ओशीन मॅककॉनव्हिलचा डावा-उजवा नेम, जॉन आणि टोनी मॅकएंटी हे जुळे भाऊ, मागे फ्रान्सी बेल्यूची भक्कम भिंत. एका पिढीत एवढी पोरं एकाच गावात निपजणं हा योगायोग म्हणता येईल, पण त्यांना लहानपणापासून एकत्र ठेवणं योगायोगाने होत नाही. १९९७ मध्ये मेयोच्या नॉकमोरला हरवून पहिला अखिल आयर्लंड चषक गावात आला. १९९९ मध्ये बॅलिना स्टीफनाइट्सवर विजय मिळाला तो एका गुणाने. वर्षभराने डब्लिनच्या ना फिआनाला, म्हणजे राजधानीतल्या क्लबला हरवून तिसरा.

या यशामुळे कर्नन काउंटीचे प्रशिक्षक झाले. काउंट्यांच्या २००२ च्या अंतिम सामन्यात आर्मा केरीविरुद्ध मध्यंतराला चार गुणांनी मागे होतं. मॅककॉनव्हिलची पेनल्टी हुकली होती. काउंटीने तोवर अखिल आयर्लंड विजेतेपद कधीच जिंकलं नव्हतं, आणि समोर केरी, या खेळातली सर्वांत यशस्वी काउंटी. कर्नननी खिशातून १९७७ च्या उपविजेतेपदाचं स्मृतिचिन्ह काढलं. पंचवीस वर्षं जपलेली पाटी. हरलेल्याला काय मिळतं ते पाहा, असं दाखवून त्यांनी ती न्हाणीघराच्या भिंतीवर आपटली. उत्तरार्धात त्याच मॅककॉनव्हिलने गोल केला आणि आर्माने सामना एका गुणाने जिंकला. ही हकीकत आर्मात लहान मुलंही सांगतात. तीत कर्ननचा संताप जितका आहे, तितकाच हुकलेल्या पेनल्टीनंतर चेंडू पुन्हा मागणाऱ्या मॅककॉनव्हिलचा धीरही आहे. पुढे त्याने स्वतःच्या जुगाराच्या व्यसनाबद्दल जाहीरपणे लिहिलं आणि त्यातून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी काम केलं. मैदानावरच्या गोलापेक्षा त्याला ते जास्त जड गेलं असणार.

क्रॉसमॅग्लेनबद्दल एक सोपं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं: भिंत होती, हेलिकॉप्टरं होती, म्हणून ही पोरं कणखर झाली. ते अपुरं आहे. लष्करी तळ २००७ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी, केरीच्या डॉक्टर क्रोक्सविरुद्ध बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेला अंतिम सामना जिंकून गावाने चौथं विजेतेपद घेतलं. मग जमीन परत आली, आकाश शांत झालं, आणि २०११ व २०१२ मध्ये आणखी दोन चषक आले. तोवर कर्ननचे मुलगे संघात खेळत होते आणि टोनी मॅकएंटी गॅरेथ ओनीलबरोबर प्रशिक्षकाच्या जागी उभा होता. जुलमाने संघ घडत असते तर जुलूम संपल्यावर ते विरले असते. इथे घडवणारं दुसरंच काही होतं: बापाकडून मुलाकडे आणि खेळाडूकडून प्रशिक्षकाकडे गेलेलं काम, आणि बाहेरून कुणी येणार नाही ही पक्की जाणीव. भिंतीने एवढंच केलं की जागा किती मोलाची आहे हे गावाला रोज आठवून दिलं.

हा खेळही आता बदलतो आहे. बचावात सगळा संघ मागे ओढून घेण्याची पद्धत बोकाळली होती, आणि सामने कंटाळवाणे होऊ लागले होते. त्यावर उपाय म्हणून २०२५ पासून मोठे बदल झाले. गोलापासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला आता दोन गुण मिळतात. पश्चिम किनाऱ्याकडची काही गावं तरुणांअभावी पंधरा खेळाडूही उभे करू शकत नाहीत आणि शेजारच्या क्लबाशी जोडी जमवतात. बायकांच्या गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ पासून वेगळी आहे. ती मुख्य संघटनेत मिळवून घेण्याचं ठरलं आहे, पण त्याला इतका उशीर व्हायला नको होता. आई जर्सी धुणार, लॉटरीची तिकिटं विकणार, आणि तिच्या मुलीच्या सामन्याला मैदान मात्र सर्वांत शेवटी मिळणार, ही तक्रार आयर्लंडभर ऐकू येते आणि ती रास्त आहे.

२०२४ च्या जुलैत आर्माने गॉलवेला एका गुणाने हरवून दुसऱ्यांदा अखिल आयर्लंड विजेतेपद घेतलं. प्रशिक्षक होते कीरन मॅकगीनी, २००२ च्या संघाचे कर्णधार. मैदानावर क्रॉसमॅग्लेनचा रिअन ओनील होता. भिंत गेली तेव्हा तो शाळकरी मुलगा होता.

वाचकाने पुढे जाण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं. या पुस्तकात गुणफलक दोन आकड्यांत दिले आहेत, पहिला गोलांचा आणि दुसरा दांडीवरून मारलेल्या गुणांचा. २-१३ म्हणजे दोन गोल आणि तेरा, एकूण एकोणीस. पहिला आकडा शून्य असला तर दुसऱ्याकडे नीट पाहावं, कारण गोलाविना जिंकलेल्या सामन्यात प्रत्येक गुण कष्टाने ओढून आणलेला असतो. १९९९ चा अंतिम सामना क्रॉसमॅग्लेनने जिंकला तो ०-९ विरुद्ध ०-८ असा.